गुरुवारचा रिकामा खण

मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे. निळ्या प्लास्टिकचा, वीतभर लांब, सात खणांचा. सोमवार ते रविवार, एका खणात एका दिवसाच्या गोळ्या. दिसायला मी काही फार नाही. पण मित्रांनो, ज्याच्या पोटात दुसऱ्याचा जीव ठेवलेला असतो ना, त्याला स्वस्थ बसता येत नाही. मला तर जन्मापासूनच येत नाही.

जन्म झाला एका कारखान्यात, तापलेल्या साच्यात. साचा उघडला, मी बाहेर पडलो, आणि अंग अजून गरम असतानाच एका बाईंनी मला हातात घेतलं. त्यांचं काम एवढंच. झाकण उघडायचं, दाबायचं. 'टक्' वाजलं तर डबा खोक्यात, नाही वाजलं तर मागच्या पिंपात, परत वितळायला. माझी सहा झाकणं पटापट वाजली. सातवं वाजेना. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. पिंप समोरच होतं, मला दिसत होतं. तिसऱ्यांदा बाईंनी अंगठ्याने जोर दिला आणि टक्! "लाजरं आहे जरा," असं शेजारणीला म्हणाल्या आणि मी वाचलो. तेव्हापासून मी घाबरट. काही बिघडायचं असेल तर ते माझ्यामुळेच बिघडणार, असं मला उगाच वाटत राहतं.

पुढे मी औषधाच्या दुकानात काचेच्या कपाटात काही महिने उभा होतो. मग एक दिवस काकू आल्या. गल्लीत सगळे त्यांना काकूच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या यजमानांना साखरेचा आजार निघाला होता. यजमान म्हणजे घड्याळजी. चौकात कोपऱ्यावर त्यांचं एवढंसं दुकान. डोळ्याला भिंग लावायचं आणि दिवसभर चिमट्याने चाकं उचलायची. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या. साखरेची पांढरी, मधे रेघ असलेली. रक्तदाबाची गुलाबी, बारीक. दोन्ही सकाळी, नाश्त्याच्या आधी. आणि काकूंना बजावलं होतं, "गोळी घेतली की खायलाच हवं. एखाद्या दिवशी राहिली तर राहू दे, पण डबल द्यायची नाही."

चार वर्षं काकूंनी मला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. दर रविवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरायच्या, चष्मा लावायच्या आणि एकेक खण भरायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. तेव्हा कुणी मधे बोललेलं चालायचं नाही. त्यांनी तीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर काढली होती. पाचशे शर्टांतून कुणाचा कुठला ते पावती न बघता सांगायच्या. एकाचा शर्ट दुसऱ्याला गेलाय, असं एकदाही झालं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता. आणि अभिमानाच्या मागे भीती होती. ती फक्त मला माहीत होती, कारण खण भरून झाले की त्या मलाच पुटपुटून सांगायच्या. त्यांची आई शेवटी शेवटी सगळं विसरली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते. मग गॅस बंद करायचं. मग लेकीचा चेहरा. म्हणून काकू भरलेले खण परत मोजायच्या. आणि परत.

एकदा त्या मला दवाखान्यात घेऊन गेल्या तर डॉक्टरांनी मला उचलून बाकीच्या पेशंटना दाखवलं. "बघा, असं पाहिजे." मी असा फुगलो की मंगळवारचं झाकण आपोआप उघडलं.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी आठला टक्, गोळ्या बशीत, बशी घड्याळजींच्या पुढ्यात. घड्याळजी बशीकडे बघायचेसुद्धा नाहीत. गोळ्या तोंडात, नजर मनगटावर.

ते मनगटावरचं घड्याळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तरुणपणी जुने भाग जुळवून त्यांनी स्वतः केलेलं. तीस वर्षांत ते थांबलं नव्हतं की मिनिटभर मागे-पुढे झालं नव्हतं. गल्लीतले लोक आपली घड्याळं त्यावरून लावायचे. "मी दुनियेची घड्याळं फिरवतो, माझं कुणी फिरवायचं नाही," असं घड्याळजी म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात. कानाची मशीनं दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये कामाला. केसाएवढे स्क्रू धरायला तिला बाबांनीच शिकवलेलं. घड्याळजींना एकच हौस होती, लेक कुठल्या टेबलाशी बसते ते एकदा बघायचं. तिने तिकिटं काढली, आणि माझ्या छातीत धस्स झालं. मी घरातून दवाखान्यापलीकडे कधी गेलो नव्हतो.

लेकीने फोनवर यादी सांगितली. काकू वहीत लिहीत होत्या.

"लिहितेस ना आई? औषधं हातातल्या बॅगेत. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू देत, नाव दिसलं पाहिजे. विमानात दोघं पाणी पीत राहा. तासा-दीड तासाने उठून चाला, पाय सुजतात. आणि बाबांचं खाणं वेळेवर."

"त्यांचं वेळेवर नसेल तर मग कुणाचं असेल गं," काकू म्हणाल्या.

सगळं छान चाललं होतं. मग मामा आले. मामा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. आयुष्यात एकदाच, तेही चार दिवस, परदेशात जाऊन आलेले. पण बोलणं असं, की विमान जणू त्यांना विचारूनच उडतं.

"ताई, एवढ्या स्ट्रिपा? अगं, एवढ्या बघितल्या की तिथले लोक बाजूला घेतात. विचारतात, दुकान टाकायला आलात का? सोडव सगळ्या. डबा भर, उरलेल्या एका बाटलीत टाक. सुटसुटीत!"

"अरे, पण ती म्हणाली नावं दिसली पाहिजेत."

"नावं काय करायचीत? पांढरी आणि गुलाबी. शेंबडं पोर सांगेल. काय दाजी?"

घड्याळजींनी भिंगातून वर बघितलं. "मला घड्याळांचे नंबर विचार. गोळ्या तुझ्या ताईचं खातं आहे."

"झालं तर मग!" मामा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसलेच.

बहीण-भाऊ तासभर गोळ्या सोडवत होते. पुट्, पुट्, पुट्. प्रत्येक आवाजाला माझा एकेक ठोका चुकत होता. अहो, मी फक्त डबा आहे! माझ्यावर सोमवार लिहिलंय, मंगळवार लिहिलंय, औषधाचं नाव कुठे लिहिलंय? पण मला तोंड नाही. झाकणं आहेत, ती दुसऱ्याने उघडल्याशिवाय उघडत नाहीत. काकूंना काही टाकवत नाही, म्हणून रिकाम्या स्ट्रिपा त्यांनी पिशवीत भरून कपाटाच्या खणात ठेवल्या. डॉक्टरांची चिठ्ठीही तिथेच. "प्रवासात हरवायला नको," म्हणे.

मंगळवारी सकाळच्या गोळ्या घरी झाल्या आणि आम्ही निघालो. विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला हलवून बघितलं, खुळखुळ वाजवलं, काकूंकडे बघितलं. काकू घाबरून इतक्या गोड हसल्या की तोही हसला आणि मला परत दिलं. विमानात मी त्यांच्या पर्समध्ये. पाण्याचं म्हणाल तर दोघांनी मोजून दोन घोट घेतले, का तर सारखं उठायला लागतं. उठलेही नाहीत, का तर कडेला बसलेला माणूस झोपला होता, त्याला कसं उठवायचं. उतरताना घड्याळजींचे बूट पायात जाईनात. लेकीने जे जे सांगितलं होतं ते ते मागे पडत चाललं होतं, आणि मी पर्समध्ये बसून एकेक मोजत होतो.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघरात भिंतीवर गोल घड्याळ. दारातच तिने विचारलं, "बाबा, घड्याळ इथल्या वेळेवर लावलंत? साडेतीन तास मागे करायचंय."

"लावतो."

"आत्ता लावा. नाहीतर तुमचं खाणं, गोळ्या, सगळा घोळ होईल."

"लावतो म्हटलं ना! हात-पाय तरी धुऊ दे."

नंतर मी टेबलावर होतो, म्हणून मी बघितलं. घड्याळजी खुर्चीत एकटे बसले. घड्याळाची किल्ली नखाने बाहेर ओढली. तशीच धरून बसले. मग हलकेच परत आत ढकलली. तीस वर्षं न चुकलेले काटे मुद्दाम चुकवायचे, हे त्यांच्या जिवावर आलं. मला त्यांचं दुःख कळलं हो, पण भीतीही वाटली.

"लावलं?" लेकीने आतून विचारलं.

"लावलं," घड्याळजी म्हणाले.

मित्रांनो, त्या एका शब्दापासून सगळं सुरू झालं.

बुधवारी पहाटे त्यांना जाग आली. भिंतीवर साडेचार, मनगटावर आठ. आठ म्हणजे गोळ्या. बाकीच्या दोघी झोपलेल्या. त्यांनी माझ्यावर टॉवेल टाकला, टक् आवाज दाबला, बुधवारचा खण रिकामा केला आणि पाण्याबरोबर गोळ्या गिळल्या. खाल्लं काहीच नाही. लेकीच्या स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत ते माहीत नव्हतं.

मग भिंतीवर आठ वाजले. काकू आल्या, बशी घेतली, बुधवार उघडला. रिकामा.

त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी गुरुवार उघडला, शुक्रवार उघडला. भरलेले. परत बुधवार उघडला. "भरायचाच राहिला वाटतं," त्या पुटपुटल्या. बाटलीतून एक पांढरी आणि एक गुलाबी काढली आणि बशी घड्याळजींच्या पुढ्यात ठेवली.

चार वर्षांत पहिल्यांदाच घड्याळजींनी बशीकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. ती समोरच बसून खात होती. 'मी घेतल्या' म्हटलं असतं तर 'कधी?' आलं असतं, आणि 'कधी'नंतर मनगट दाखवावं लागलं असतं. पोरीला कालच 'लावलं' म्हणून सांगितलेलं. एका गोळीने काय होतंय, असा चेहरा केला त्यांनी आणि गोळ्या तोंडात टाकल्या. मी ओरडत होतो. कुणाला ऐकू येणार?

त्या दिवशी निभावलं. लेकीने गोडधोड करून दोन-दोन वेळा वाढलं, घड्याळजी पोटभर जेवले. दुपारी थोडा घाम आला, हात जरा कापले. "विमानाचा शीण," असं तिघांनीही ठरवून टाकलं.

गुरुवारी पहाटे परत साडेचार. परत टॉवेल. मी गुरुवारचं झाकण दात-ओठ खाऊन घट्ट धरून ठेवलं. पण ज्या माणसाने आयुष्यभर मुठीएवढ्या घड्याळांची पोटं उघडली, त्याच्या नखापुढे मी काय टिकणार? उघडलंच.

आठला काकू आल्या. गुरुवार रिकामा.

आता त्या काही पुटपुटल्या नाहीत. खुर्चीत बसल्या. काल बघितला तेव्हा गुरुवार भरलेला होता की नाही, हे त्या आठवत होत्या. कपाळाला आठ्या पडल्या. बोटाने हवेत मोजलं, परत मोजलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "आईचं असंच सुरू झालं होतं." लेक दारात बूट घालत होती. तिच्याकडे त्यांनी एकदा बघितलं, मला बंद केलं आणि बाटली उघडली.

नवऱ्याने घड्याळाचं लपवलं, बायकोने रिकाम्या खणाचं. दोघांचंही मला ठाऊक. आणि माझ्याजवळ एक शब्द नाही.

त्यात नाश्ता झालाच नाही. घड्याळजींचं पोट जड होतं, अर्धा पाव कसाबसा खाल्ला. "चला बाबा, बस जाईल. तिकडे खाऊ काहीतरी," लेक म्हणाली. बस गेलीच. मग चालत. त्यांना आपलं काम दाखवायला ती इतकी उतावीळ झालेली की वाटेत दहा दुकानं लागली, कुठे थांबायचं तिला सुचलंही नाही.

वर्कशॉप म्हणजे एक लांब खोली. ओळीने टेबलं, प्रत्येकावर दिवा आणि भिंग. पर्सची चेन अर्धी उघडी होती, मला सगळं दिसत होतं. लेकीने बाबांना आपल्या खुर्चीत बसवलं. पुढ्यात कानाचं एक मशीन, भुईमुगाच्या दाण्याएवढं, आणि स्क्रू त्याहून बारीक.

"लावून दाखवा बाबा. यांना सांगितलंय मी, माझे गुरू येणारेत."

शेजारच्या टेबलांवरचे दोघं-तिघं कौतुकाने बघत होते. घड्याळजींनी चिमटा उचलला. स्क्रू पकडला. स्क्रू पडला. परत पकडला. परत पडला.

"हे काय फालतू चिमटे वापरता!" ते एकदम ओरडले. मित्रांनो, घड्याळजी कधी ओरडत नाहीत. लेक दचकली. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, कपाळावरून घाम टेबलावर टपटप पडत होता.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"ताई, दुकान बंद कर," ते तिला म्हणाले. ताई! पोटच्या पोरीला! शब्द जड येत होते, जीभ तोंडात मावत नसल्यासारखे.

तिचे सहकारी धावले. एकाने फोन लावला, एक बाई धावत जाऊन फळांच्या रसाचा ग्लास घेऊन आली. तिला काही कळलं असेल की नुसतंच सुचलं असेल, देव जाणे. ग्लास घड्याळजींच्या ओठाशी नेणार, तेवढ्यात काकूंनी तिचा हात धरला.

"नको नको! गोड नको! साखर आहे त्यांना!"

लेकीने तिच्या भाषेत सांगितलं. बाई थांबली. ग्लास टेबलावर ठेवला.

मला आठवलं की अजून कसंतरी होतं. काकूंना वाटत होतं साखर वाढलीये, काल गोडधोड झालं म्हणून. आणि खरं तर त्या माणसाच्या रक्तातली साखर तळाला गेली होती. औषध हातभर अंतरावर ग्लासात होतं, आणि ज्या बाईने चार वर्षं त्याला जपलं, तिनेच ते बाजूला सारलं. प्रेमाने सारलं. मी पर्समध्ये इतका थरथरत होतो की उरलेल्या गोळ्या आत खुळखुळ वाजत होत्या.

गाडी आली, आम्ही इस्पितळात. नर्सने आधी बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, आकडा बघितला आणि पळतच सुटली. दोन मिनिटांत हातात सुई, वर सलाईनची पिशवी. सुईसाठी लेकीने बाबांचं घड्याळ सोडवलं आणि न बघताच खिशात टाकलं.

थोड्या वेळाने घड्याळजींनी डोळे उघडले. "चिमटा चांगला आहे गं," म्हणाले. लेक हसता हसता रडायला लागली. काकू तर पलंगाचा दांडा धरून उभ्याच होत्या, बसायचं विसरून.

मला वाटलं सुटलो. पण डॉक्टरीणबाई आल्या, आणि त्यांचा चेहरा काही सुटलेला नव्हता. त्या विचारत होत्या, लेक सांगत होती.

"आई, त्या विचारतायत बाबांना कुठली गोळी आहे. नाव काय?"

काकूंनी मला पर्समधून काढून पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवार उघडला. एक पांढरी, एक गुलाबी. पांढरी उलटी-पालटी केली, रेघ बघितली, मान हलवली.

"अशा पांढऱ्या गोळ्या शंभर प्रकारच्या असतात म्हणतायत. स्ट्रिप कुठे आहेत आई? चिठ्ठी?"

"घरी," काकू म्हणाल्या.

"घरी? मी सांगितलं होतं तुला!"

"मामा म्हणाला..."

"मामा!" लेकीने कपाळावर हात मारला. "आई, त्या म्हणतायत काही गोळ्या पोटात गेल्या की खूप तास काम करत राहतात. आत्ता साखर वर आली तरी परत उतरेल. कुठली आहे आणि किती घेतल्या, दोन्ही कळायला हवं. नाहीतर बाबांना कसं सांभाळायचं तेच ठरवता येत नाही."

मामांना फोन लागला. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. मामा पळत गेले, जिना चढतानाचा त्यांचा धापा टाकणारा श्वास आम्हाला फोनवर ऐकू येत होता. कपाट उघडल्याचा आवाज, पिशवीचा आवाज.

"सापडलं! सापडलं! पण अक्षरं फार बारीक आहेत गं."

"मामा, फोटो काढ आणि पाठव! एक शब्द बोलू नकोस!"

मामा खरंच बोलले नाहीत. फोटो आला. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं, ओठ मुडपले. तीच जात निघाली, जास्त वेळ काम करणारी.

"आता किती?" लेकीने विचारलं.

"एकच," काकू म्हणाल्या. "रोज एकच. मी माझ्या हाताने देते."

डॉक्टरीणबाईंनी सलाईनकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, परत काहीतरी विचारलं. "त्या म्हणतायत जेवण चुकलं, चालणं झालं, हे कळलं. पण एका गोळीने साखर इतकी उतरणं अवघड वाटतंय. आई, नीट आठव."

आठव. नेमका तोच शब्द.

काकूंच्या मांडीवर मी होतो. त्यांची बोटं बुधवारच्या झाकणावर होती, मग गुरुवारच्या. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. काउंटरवरची बाई म्हणून तीस वर्षं ताठ मानेने जगलेली बाई. लेकीसमोर, परक्या लोकांसमोर 'मला आठवत नाही' म्हणायचं? मी तर श्वास धरून बसलो होतो. बोला काकू, बोला. माझ्याकडे काही नाही हो, फक्त दोन रिकामे खण आहेत.

त्यांनी मान वर केली.

"काल सकाळी खण रिकामा होता. आजही. मला वाटलं मी भरायला विसरले. म्हणून बाटलीतून दिल्या." आणि मग एका दमात, "मी तुला सांगितलं नाही गं. मला वाटलं माझंही आईसारखं व्हायला लागलं."

लेक बघतच राहिली. तिने खिशातून घड्याळ काढलं. भिंतीवर बघितलं, घड्याळात बघितलं. साडेतीन तास पुढे.

"बाबा."

घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. पण ते लेकीशी बोललेच नाहीत, बायकोकडे वळले. हात उचलायला गेले तर सुई होती, म्हणून बोटंच हलवली.

"अगं, तू विसरली नाहीस. दोन्ही दिवस मी घेतल्या, पहाटे साडेचारला. तू सगळे खण भरले होतेस. एकही चुकला नव्हता."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "अहो, मग मी बशी ठेवली तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"पोरीला लावलं म्हणून सांगितलं होतं. खोटा पडलो असतो."

"मेला असतात!" काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून ओक्साबोक्शी रडल्या. रडता रडता मधेच त्यांनी मला उघडलं, आणि उरलेले तीन खण बोटाने मोजले. बरोबर होते. मग आणखी रडल्या. ते कशासाठी रडणं होतं, ते लेकीला कळलं नसेल. मला कळलं.

डॉक्टरीणबाईंना उत्तर मिळालं होतं. दोन दिवस, दुप्पट. त्यांनी घड्याळजींना घरी जाऊ दिलं नाही. आणि बरंच झालं, कारण त्याच दुपारी साखर परत घसरली, संध्याकाळी आणखी एकदा. दोन्ही वेळा नर्स आधीच तयार होती. घरी असते तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की झाकणांच्या कडा झिजल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळजी चालत बाहेर आले. लेकीने कागदावर त्यांच्या आजाराचं आणि गोळ्यांचं नाव तिथल्या भाषेत लिहून तो त्यांच्या वरच्या खिशात ठेवला. दुसऱ्या खिशात साखरेच्या वड्या. पुढचे दिवस रोज सकाळी स्वयंपाकघरात मोठ्याने बोलणं व्हायचं.

"घेतलीत?"

"नाही. दे."

"आता घेतलीत?"

"घेतली. बघ, खण रिकामा."

"खाताय ना?"

"खातोय बाई, तोंडात घास आहे!"

मला तर ते गाण्यासारखं वाटायचं.

आता मी बराच जुना झालोय. बिजागऱ्या सैल झाल्यात, वार पुसले गेलेत. काकूंनी नवा मोठा डबा आणलाय, आणि मी कपाटात असतो. माझं काही म्हणणं नाही. फक्त कुणी बॅग भरायला काढली की माझी धडधड सुरू होते, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो.

मित्रांनो, परक्या देशात जाल तेव्हा औषध त्याच्या नावासकट न्या. चिठ्ठी घरी जपून ठेवू नका, तिथे ती कुणाच्या कामाची? पाणी प्या, पाय मोकळे करा, शेजारचा झोपला असला तरी त्याला उठवा, तो काही खाणार नाही तुम्हाला. वेळ बदलणार असेल तर गोळी कधी घ्यायची ते निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा. आणि घरचं कुणी म्हातारं तुम्हाला हसत 'काही नाही, शीण आहे' म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका. जवळ बसा. घाम बघा, हात बघा. 'काय झालं' असं एकदा विचारून सोडून देऊ नका, दोनदा विचारा. रागावू मात्र नका, कारण रागावलात की लोक लपवतात, आणि लपवलेलं माझ्यासारख्या मुक्या डब्याच्या पोटात पडून राहतं.

आणि मला उघडाल तेव्हा एकट्याने उघडू नका. ज्याच्या गोळ्या आहेत त्यालाही हाक मारा. दोघांनी मिळून आत बघा, आणि काय दिसतंय ते एकमेकांना मोठ्याने सांगा.